त्रुयानच्या नावानं दिलेला कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय. फोनमधला नव्हे, आणि सिनेमावाल्यांचा खांद्यावर घ्यायचाही नव्हे. पट्ट्यात हात सरकवून एका मुठीत धरायचा, लांबचं जवळ आणणारा, आता कुणी ढुंकूनही बघत नाही असा जुना व्हिडिओ कॅमेरा. क्रुश्का गावच्या शाळेच्या हॉलमध्ये, प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, तीन पायांच्या स्टँडवर मी उभा असतो. खाली मुलींची हँडबॉलची मॅच चालते आणि ती मी व्हिएन्नापर्यंत पोहोचवतो. गावातली अर्धी माणसं तिकडेच कामाला आहेत.

माझ्या पाठीला एक छोटी काच आहे. पूर्वी माणसं तिला डोळा लावून बघायची. आता मला चालवणारा मिलादिन लॅपटॉपवर बघतो, त्या काचेकडे कुणी जात नाही. तरी मॅच सुरू झाली की तिथं ऊब लागते. कुणीतरी अगदी जवळ येऊन, श्वास रोखून बघत असतं. मला मागं वळता येत नाही. आलं असतं तरी मी वळलो नसतो. मला भीती वाटते.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं पांढऱ्या हातमोज्यांपलीकडे काही आठवत नाही. मग व्हिएन्नातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरानं मला घेतलं. त्यानं माझ्याकडून तळी, हंस, बायकोचा वाढदिवस आणि पुन्हा तळी काढून घेतली. नव्या वस्तूचं कौतुक चार महिने आणि कपाटातला वास दहा वर्षं, हा माणसांचा नियम मलाही लागला. तेवढ्यात फोन शहाणे झाले आणि आमची जात मोडीत निघाली. पोस्टमास्तर वारला तेव्हा त्याच्या सुनेनं मला वायरी आणि दोन जुन्या टायांसकट खोक्यात भरून लोरिंट्सच्या दुकानात आणून टाकलं.

लोरिंट्स हा म्हातारा हंगेरियन. जुन्या वस्तू विकायचा, पण गिऱ्हाईक आलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याच्या दुकानात एका शनिवारी दुपारी त्रुयान आला.

उंच, जरा पुढं वाकलेला, नखांत सिमेंट. सतरा वर्षं व्हिएन्नात गवंडीकाम करत होता. त्याला इनडोअर खेळ थेट दाखवण्यासाठी कॅमेरा हवा होता. मुलगी मेलिता, वय एकोणीस, गावच्या संघात गोलकीपर. त्यानं तिला गोलमध्ये उभं राहिलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. तो घरी जायचा नाताळात आणि ऑगस्टमध्ये, आणि नेमक्या या दोन्ही वेळी हँडबॉलला सुट्टी असते. बाकीचे शनिवार तो जादा काम करायचा, कारण गावात त्याचं दोन मजली घर उठत होतं. चार बाल्कन्या असलेलं. त्या चार बाल्कन्यांत फ्लोरिका, म्हणजे त्याची बायको, एकटी कपडे वाळत घालायची.

आधी लोरिंट्सनं त्याला छातीवर बांधायचा इवलासा कॅमेरा दाखवला. त्रुयाननं तो हातात फिरवला आणि म्हणाला, यात अख्खा हॉल दिसेल, पण माझी पोर मुंगीएवढी दिसेल. पुढच्या वेळी भिंग बदलता येणारा एक देखणा कॅमेरा निघाला. त्याचं चित्र असं की बघत राहावं, पण अर्ध्या तासानं तो तापून आपला आपण बंद पडायचा. मॅच एका तासाची, मधली विश्रांती वेगळी. फोन लावून बघितला, तर लांबचं जवळ आणताना चेहऱ्याचा चिखल व्हायचा. दुसऱ्या एका दुकानात स्वतःच्या मानेनं फिरणारा कॅमेरा होता, त्याची किंमत ऐकून त्रुयाननं टोपी घातली आणि बाहेर आला.

असे किती शनिवार गेले. जादा काम दुपारी संपलं की तो यायचा, आणि मी फळीवरून बघत असायचो. खिशातल्या वहीत त्यानं लिहून ठेवलं होतं: नजर लांब हवी. विजेवर तासन्‌तास चालायला हवा. वायरीतून स्वच्छ चित्र बाहेर यायला हवं, त्यावर बॅटरीची खूण आणि तारीख नको. आणि कमी उजेडात दिसायला हवं. हे शेवटचं त्यानं दोनदा अधोरेखित केलं होतं.

एकदा त्यानं दुकानातूनच मिलादिनला फोन लावला. मिलादिन हा त्याचा शाळासोबती, हॉलची बॉयलर-भट्टी आणि दिवे तोच सांभाळतो.

"हॉलमध्ये दिवे किती रे?"

"बारा," मिलादिन म्हणाला. "त्यातले आठ लागतात. आणि त्या आठांतले दोन, त्यांच्या मनात आलं तर."

त्रुयान हसला नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

शेवटी लोरिंट्सनं वैतागून मला खाली काढलं, दुकानाचे सगळे दिवे मालवले, मागच्या कोपऱ्यात एक बूट ठेवला आणि म्हणाला, बघ. त्रुयाननं माझ्या पाठीच्या काचेला डोळा लावला. चित्र दाणेदार होतं, पण बुटाची नाडी दिसत होती. मग त्यानं मला खिडकीतून पलीकडच्या ट्रामच्या थांब्यावर रोखलं आणि एका बाईच्या कानातलं जवळ आणून बघितलं. त्याच्या डोळ्याची ऊब मला तेव्हा पहिल्यांदा लागली.

"अंधारातही बघतो हा," तो म्हणाला.

मला बांधून देताना लोरिंट्सनं विचारलं, गाव किती लांब आहे.

"गाडीनं एक रात्र. पण गेलो तर एकच मॅच दिसेल. हा पाठवला की सगळ्या दिसतील."

लोरिंट्सनं माझी काच पुन्हा एकदा पुसली.

सहा दिवस मी त्रुयानच्या खोलीत होतो. संध्याकाळी कामावरून आला की तो मला खिडकीत ठेवून समोरच्या छपरावरच्या कबुतरांचा पाठलाग करायचा. चेंडूचा सराव. डावीकडून आली बघ, आली, अडव, असं एकटाच पुटपुटायचा. बरोबरचे दोन गवंडी त्याची टिंगल करायचे, म्हणायचे, कबुतरांनी आज किती गोल मारले? शुक्रवारी त्यानं मला गावाकडे जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती दिलं आणि फ्लोरिकाला फोन केला. म्हणाला, फार चांगला मिळालाय, अंधारातही बघतो.

सोमवारी सकाळी तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला.

मी शनिवारीच पोहोचलो होतो. तो पुढच्या मंगळवारी आला, दुसऱ्या गाडीतून. त्याच रस्त्यानं.

आता आमच्या गावाकडची एक गोष्ट सांगतो. माणूस जाताना त्याच्या हातात पेटती मेणबत्ती द्यावी लागते. ती मिळाली नाही तर पलीकडे त्याला अंधारात चाचपडावं लागतं. पुढं घरच्यांनी कितीही मेणबत्त्या लावल्या तरी ती पहिली मेणबत्ती ती पहिलीच. त्रुयानच्या हातात त्या सकाळी गवंड्याची थापी होती. नवरा गेला हे दुःख फ्लोरिकानं दाराआड कसंबसं सोसलं. तो अंधारात आहे, हे तिला सोसवेना. ती रात्रंदिवस घरातले सगळे दिवे लावून ठेवायची. मी न उघडलेल्या खोक्यात, फ्रीजच्या वर. फ्लोरिका खालून जायची, थांबायची, खोक्याकडे बघायची, आणि जायची.

चाळिसाव्या दिवशी अंगणात टेबलं लागली. शिजवलेले गहू, पाव, घेवड्याची उसळ, मासे, वाईन. मेलेल्याच्या नावानं त्या दिवशी वस्तू द्यायच्या असतात: कोट, बूट, टॉवेल, जे त्याला तिकडे लागेल ते. त्याच्याच वयाचा एक जिवंत माणूस त्याच्या वतीनं ते घेतो आणि ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणतो. देवानं त्याला क्षमा करावी आणि वस्तू त्याला पोहोचावी, असं दोन्ही त्यात येतं. मात्र प्रत्येक वस्तूचं नाव घ्यावं लागतं. नाव घ्यायचं राहिलं तर ती पोहोचत नाही.

त्रुयानच्या वतीनं मिलादिन उभा होता, अंगात त्रुयानसाठी शिवलेला नवा काळा कोट. फ्लोरिकानं मला खोक्यातून काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"हा कॅमेरा," ती म्हणाली, "ही त्याची वायर, हे त्याचे तीन पाय, त्रुयान, तुला पोहोचो. तूच म्हणालास हा अंधारात बघतो. यातून मेलिताला बघ."

मिलादिन घाबरला. असली वस्तू आजवर कुणी दिली नव्हती. कोट घातला की संपलं, पण हा कॅमेरा आता त्याला जन्मभर चालवावा लागणार होता. दिलेली वस्तू विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, नुसती पडू देता येत नाही. तरी सगळे बघत होते. त्यानं ‘बोगदाप्रोस्ते’ म्हटलं. त्याच वेळी मेलिता टेबलावरून उठली आणि घरात निघून गेली.

पहिली मॅच त्याच शनिवारी झाली. मिलादिननं मला मधल्या रेषेसमोर, सगळ्यात वरच्या पायरीवर उभं केलं. आठांपैकी सात दिवे लागले होते आणि ते माझ्या चित्रात थरथरत होते. त्यानं माझी बटणं दाबून थरथर काढली, नजर मैदानाच्या मध्यावर पक्की केली आणि मॅच सुरू झाली.

चेंडू उजवीकडे गेला. मीही वळलो. वळलो म्हणजे मिलादिननं वळवलं. पण माझी नजर मैदानावर ठरेना. कुणी बोट लावलं नव्हतं, तरी ती आपोआप जवळ आली, दोन हातांवर. तिथं काहीच नव्हतं. माझ्यात जे यंत्र आहे ते समोर काही असेल तरच त्यावर ठरतं. मैदान धुरकट झालं आणि दोन हातांवरची रिकामी हवा स्पष्ट झाली. मिलादिननं मला चापटी मारली, म्हणाला, जुना माल, दुसरं काय. मी जुना माल आहे, कबूल. पण मी आंधळा नाही. मग पाठीच्या काचेशी ऊब आली, आणि माझी नजर आपली आपण डावीकडच्या गोलवर गेली, जाळीच्या दोऱ्या मोजता याव्यात इतकी. मेलिता तिथं हात पसरून उभी होती.

खेळ संपल्यावर फ्लोरिका पायऱ्या चढून वर आली आणि तिनं एवढंच विचारलं, गोल नीट दिसत होता ना?

पुढच्या मॅचपासून तिनं हेका धरला की मला मेलितावरच ठेवायचं. चेंडू कुठंही असो. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा मलाही त्या बाजूला फिरवायचं. मिलादिननं समजावलं की वहिनी, खेळ चेंडूचा असतो. ती म्हणाली, तुमचा असेल, त्याचा नाही. झालं, मिलादिननं ऐकलं. तिकडे व्हिएन्नात चाळीस-पन्नास माणसं फोन उघडून बसली होती. त्यांना अर्धा तास एक मुलगी रिकाम्या हातांनी उभी राहिलेली दिसली. कुणी लिहिलं, गोल कुणी मारला ते तरी सांगा. कुणी लिहिलं, कॅमेरावाल्याला झोप लागली का. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय जातंय, मिलादिन कुरकुरला. पण ज्यांना कळलं होतं हा कॅमेरा कुणाच्या नावानं दिलाय, ते हळूहळू गप्प झाले. मग कुणीच काही लिहीना. ते गप्प बसणं मला त्या शिव्यांपेक्षा जड गेलं.

गुरुवारी सराव संपल्यावर मिलादिन माझी वायर तपासत होता. मेलिता वर आली. केस ओले, गुडघ्यावर ताजं खरचटलेलं. तिनं मला जवळून पाहिलं ते तेव्हाच.

"काका, शनिवारी हा माझ्याकडे लावू नका."

"तुझ्या आईला काय सांगू?"

"काहीही सांगा." ती पायरीवर बसली. "सहा महिने माझा बाप कॅमेरा निवडत होता. इथं यायला एक रात्र लागते. तेरा वर्षांची असल्यापासून मी गोलमध्ये उभी आहे. जिवंत होता तेव्हा एक शनिवार त्याला मिळाला नाही, आणि आता दर शनिवारी येऊन मागं उभा राहतो?"

"मागं म्हणजे कुठं?"

"तुमच्या मागं. उंच आहे. तुमचा आहे तसलाच कोट आहे." तिचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तुम्ही कुणाला बरोबर आणता."

मिलादिननं अंगातल्या कोटाची बटणं लावली. "माझ्या मागं भिंत आहे, पोरी. माणूस उभा राहील एवढी जागाच नाही."

"माहीत आहे मला. ती भिंत मीच रंगवलीय."

मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. मिलादिननं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्रुयानचा कोट अंगात असताना तो हात कुणाचा समजायचा, हे त्यालाच कळेना. तो म्हणाला, मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय, मला हा फिरवता येणार नाही. मी नुसता बघत होतो. मला बोलता येत असतं तर मी तिला सांगितलं असतं की तुझा बाप चुकला, पण खिडकीत बसून कबुतरं अडवताना तो तुझंच नाव घेत होता. ते ऐकून तिला बरं वाटलं असतं की आणखी राग आला असता, कुणास ठाऊक.

त्या हंगामात मेलिता वाईट खेळली. वर बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि गोलकीपरनं एका बाजूला बघायचंच नाही म्हटलं की चेंडू नेमका त्या बाजूनं येतो. शेवटच्या मॅचमध्ये मात्र, सात मीटरवरून पेनल्टीचा फटका घ्यायला समोरची मुलगी उभी राहिली तेव्हा, तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या पलीकडे. शिट्टी वाजली. फटका तिनं पायानं अडवला. हॉलमध्ये आरडाओरडा झाला, आणि पाठीच्या काचेवर वाफ धरली. उन्हाळ्याचे दिवस होते.

जूनमध्ये मेलिता व्हिएन्नाला गेली. म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात कपडे धुण्याचं काम मिळालं. एकच वर्ष, ती आईला म्हणाली. त्रुयानही एकच वर्ष म्हणून गेला होता.

आता गोलमध्ये दुसरी मुलगी उभी राहते. मिलादिन शब्दाला जागून मॅच दाखवतो, चेंडूमागं फिरतो. पाठीची ऊब गेली नाही. मेलिता नसताना त्रुयान काय बघतो, मला कळत नाही. कधी कधी माझी नजर आपोआप त्या गोलवर जाऊन ठरते, तिथल्या मुलीवर नाही, तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर. मग मला त्याची दया येते, आणि भीतीही वाटते.

नव्या हंगामाच्या पहिल्याच महिन्यात मॅच चालू असताना लॅपटॉपवर मेलिताचा निरोप आला. काका, आई दाखवा ना. मिलादिननं मध्यंतरात मला तिसऱ्या पायरीवर वळवलं. तिथं काळ्या रुमालातली फ्लोरिका बसली होती, सूर्यफुलाच्या बिया सोलत. तिला सांगितल्यावर ती आधी लाजली, मग तिनं हात हलवला. पुढच्या शनिवारी ती चांगला कोट घालून आली. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं घरचा मक्याचा पाव आणून माझ्यासमोर धरला, हा बघ, नीट भाजलाय. बाकीच्या बायका हसल्या. ती अर्धा तास आधी येऊन उजेडातली जागा धरायची.

सण आला, मेलिता आली नाही. त्या आश्रमात सुट्टी देत नव्हते. नाताळात आली नाही. त्रुयानचं वर्ष झालं, तेव्हा तिनं पैसे पाठवले आणि लिहिलं की शनिवारी दिसशीलच. फ्लोरिका हात हलवत राहिली. दुधाची तहान ताकावर, म्हणून माणूस ताक पितो. मीच ते ताक होतो आणि मला ते कळत होतं.

मग एका शनिवारी मॅचच्या आधी मिलादिन मोठ्या आनंदात तिच्याकडे गेला. मेलिताचा फोन आला होता. ती क्लबसाठी नवा कॅमेरा बघत होती. म्हणे या जुन्याचं चित्र दाणेदार येतं, आई हसतेय की डोळ्यांत पाणी आहे ते समजत नाही. बापाच्या वहीतला पत्ता काढून ती लोरिंट्सकडेही जाऊन आली होती. स्वतःच्या मानेनं फिरणारे आता स्वस्त झालेत, पण कमी उजेडात कुठला बरा ते ठरत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुकानं फिरत होती.

"सुट्टी कधी असते तिला?" फ्लोरिकानं विचारलं.

"शनिवार-रविवार. नव्या वर्षापासून मिळायला लागलीय."

फ्लोरिकानं हातातल्या बिया परत पिशवीत टाकल्या. त्या दिवशी मध्यंतरात मी तिच्याकडे वळलो तेव्हा तिनं हात हलवला नाही.

हा झाला मागचा आठवडा. आज ती आली ती तिसऱ्या पायरीवर थांबलीच नाही. एकेक पायरी चढत वर आली, कोटाची घडी करून माझ्या पायांशी ठेवली आणि खाली बसली. अगदी माझ्या खाली, भिंतीला टेकून. सगळ्या हॉलमध्ये तेवढी एकच जागा अशी आहे की मी कसाही वळलो तरी मला दिसत नाही.

"वहिनी, इथं तुम्ही दिसणार नाही," मिलादिन म्हणाला.

"म्हणूनच बसलेय."

बसता बसता ती हळूच म्हणाली, "सरक जरा." मिलादिन सरकला. पण ती त्याला म्हणाली नव्हती, आणि हे त्यालाही कळलं, कारण तो मग आणखी हातभर सरकला.

मध्यंतर झालं. लॅपटॉपवर निरोप आला. मिलादिननं वाचून दाखवला. "काका, आई कुठंय? बरी आहे ना?"

"काय लिहू?"

"लिहा, बरी आहे. हॉलमध्येच आहे." फ्लोरिका थांबली. तिचा आवाज माझ्या तिन्ही पायांत उतरला. "आणि लिहा, एकाला मी असंच बघू दिलं. मीच त्याला कॅमेरा पाठव म्हणाले, ते माझंच चुकलं. मी ये म्हणायला हवं होतं. तिला म्हणावं, ये. यायला शुक्रवारी गाडी निघते."

मिलादिननं ते जसंच्या तसं लिहिलं. एकेक अक्षर शोधत लिहितो तो, वेळ लागला. मग दोघं वाट बघत बसली. उत्तर आलं नाही. बघणारे सत्तेचाळीस होते, ते शेहेचाळीस झाले.

"रागावली बहुतेक," मिलादिन म्हणाला.

"रागावू दे," फ्लोरिका म्हणाली. "पण बघत बसली नाही."

दुसरा अर्धा भाग आता सुरू होईल. हॉलचं दार माझ्या पाठच्याच भिंतीत, पण पायऱ्यांच्या खाली, डाव्या हाताला आहे. ते मी कधी पाहिलेलं नाही. ते उघडतं तेव्हा थंड वाऱ्याची झुळूक लागते, त्यावरूनच मला कळतं. पुढच्या शनिवारी ते उघडेल की नाही, मी सांगू शकत नाही. मी एवढंच मागतो. ती आत आली, तर मिलादिन, आधी माझी वायर काढ. मॅच का बंद पडली म्हणून तिकडून लोक विचारतील, विचारू देत. मला तिच्याकडे वळवू नकोस. आई आणि लेक एकमेकींना बघतील तेव्हा मधे माझी काच नको, आणि माझ्या काचेमागं जो उभा आहे त्यानंही तेव्हा वाकून बघू नये. त्यानं सरळ पायऱ्या उतरून खाली त्यांच्याजवळ जावं.